घरगुती राउटरची स्मृति

घरांतील एखादी वस्तु बिघडली असतां तिचा इतिहास पाहण्याची आपणांस सवय नसते. दिवा लागला नाहीं तर आपण तारा तपासतों, नळास पाणी आलें नाहीं तर टांकी पाहतों. आणि भिंतीवर टांगलेल्या वायरलेस राउटरनें मध्येंच मान टाकली तर त्याचें बटण बंद करून, मनांतल्या मनांत दहा अंक मोजून, तें पुन्हां चालू करतों. हा शेवटचा उपाय इतका सार्वत्रिक झाला आहे कीं, त्यास उपचार म्हणावें कीं विधि म्हणावें असा प्रश्न पडावा. माझ्या घरींही तो कित्येक वर्षें चालू होता. सायंकाळीं मुलें आपापल्या खोल्यांत गेलीं व मी विद्यार्थ्यांचे निबंध तपासावयास बसलों कीं, तासाभरांत कोणी तरी हांक मारावी, "बाबा, नेट गेलें". आणि मीं उठून तें बटण दाबावें. दुकानदारानें निदान केलें, "सर, ह्याची मेमरी कमी पडते, नवा घ्या." नवा घेतला. त्याची मेमरी जुन्याच्या दुप्पट होती. कांहीं महिन्यांतच ती हांक पुन्हां ऐकूं येऊं लागली.

या अनुभवानें मला ह्या लहानशा पेटीचा इतिहास चाळावयास लावलें. तो वाचकांपुढें ठेवण्याचें कारण एवढेंच कीं, त्यांतून निघणारा निष्कर्ष दुकानदाराच्या निदानाहून बराच निराळा आहे.

राउटर हा मुळांत टपालकचेरींतील लखोटे वांटणारा कारकून होय. इंटरनेटवरील प्रत्येक संदेशाचे लहान लहान तुकडे पडतात. त्यांस पॅकेट म्हणतात. कारकुनानें पॅकेट हातीं घ्यावें, त्यावरील पत्ता वाचावा, तें योग्य वाटेस लावावें आणि विसरून जावें, एवढीच मूळची अपेक्षा. डेव्हिड क्लार्क यांनीं १९८८ सालीं इंटरनेटच्या रचनेमागील विचार विशद करणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत हें तत्त्व स्पष्टपणें मांडलें आहे. संभाषण कोठवर आलें याची आठवण बोलणाऱ्या दोन टोकांनीं ठेवावयाची, मधल्या यंत्रांनीं नव्हे. म्हणजे मधलें एखादें यंत्र बंद पडलें तरी संभाषण मरत नाहीं. विस्मरण हा त्या काळीं राउटरचा दोष नसून गुणच होता.

पुढें पत्त्यांची टंचाई आली. त्या वेळच्या इंटरनेटचा पत्ता ३२ द्विमान अंकांचा. तेव्हां एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटी, आणि जगाच्या वाढत्या गरजेस ते पुरणारे नव्हते. मे १९९४ मध्यें केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनीं असा तोडगा प्रसिद्ध केला कीं, आंतल्या जाळ्यांत खासगी पत्ते वापरावे आणि सीमेवरील राउटरनें ते जातां येतां बदलून द्यावे. याच युक्तीचा विस्तार होऊन घरांतील सर्व यंत्रांनीं मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरण्याची पद्धति रूढ झाली. मोठ्या वाड्यास बाहेरून क्रमांक एकच असावा, आणि आंतल्या वीस बिऱ्हाडांपैकीं कोणीं कोणास पत्र घातलें हें देवडीवरील कारभाऱ्यानें वहींत टिपून ठेवावें, म्हणजे उत्तर आलें असतां तें नेमक्या बिऱ्हाडीं पोंचवितां येईल, असा हा प्रकार आहे. विसरणें हें ज्याचें ब्रीद होतें, त्या कारकुनास आतां नोंदवही बाळगणें भाग पडलें. येथूनच त्याच्या स्मृतीस आरंभ झाला, आणि येथूनच त्याच्या बऱ्याचशा व्याधींसही.

ही स्मृति दोन प्रकारची असते, हें येथें सांगणें अवश्य आहे. एक पोथी व दुसरी पाटी. यंत्रानें कसें वागावें याची आज्ञावली पोथींत, म्हणजे फ्लॅश मेमरींत, लिहिलेली असते. ती वीज गेली तरी पुसली जात नाहीं. प्रत्यक्ष काम मात्र पाटीवर, म्हणजे रॅममध्यें, चालतें. चालू संभाषणांची नोंदवही पाटीवर, पुढें पाठविण्यासाठीं थांबलेलीं पॅकेटें पाटीवर, आणि काम करणाऱ्या सर्व आज्ञावल्यांची बेरीज-वजाबाकीही पाटीवरच. वीज बंद होतांच ही पाटी कोरी होते. आपल्या त्या नित्याच्या विधीचें सारें रहस्य यांतच आहे. बटण दाबून आपण यंत्र दुरुस्त करीत नाहीं. ज्या गोष्टी त्यानें आपण होऊन विसरावयास हव्या होत्या, त्या त्यास बळेंच विसरावयास लावतों.

आतां प्रत्यक्ष इतिहासाकडे वळूं. व्हिक्टर व जेनी त्साओ या तैवानहून अमेरिकेंत आलेल्या दांपत्यानें १९८८ सालीं कॅलिफोर्नियांत स्थापिलेल्या लिंक्सिस कंपनीनें डिसेंबर २००२ मध्यें 'डब्ल्यूआरटी-५४-जी' नांवाचा राउटर बाजारांत आणला. निळ्या-काळ्या रंगाची, दोन शिंगें असलेली ही पेटी अल्पावधींतच घरगुती राउटरचा जणूं नमुना ठरली. तिची पोथी ४ मेगाबाइटांची आणि पाटी १६ मेगाबाइटांची होती. २००३ सालीं सिस्को कंपनीनें लिंक्सिस विकत घेतली, आणि त्याच वर्षीं जाणकारांच्या ध्यानांत आलें कीं, या पेटीच्या आंतली आज्ञावली लिनक्सवर आधारलेली आहे. लिनक्सचा परवाना असा कीं, तें कोणींही वापरावें, परंतु विकणाऱ्यानें त्याचा सोर्स कोड घेणाऱ्यास दिला पाहिजे. मागणी होऊं लागली, आणि जुलै २००३ मध्यें कंपनीनें तो कोड प्रसिद्ध केला. त्याच्या आधारें २००४ च्या आरंभीं ओपनडब्ल्यूआरटी हा उपक्रम सुरू झाला. सामान्य गृहस्थाच्या घरांतील राउटरची पोथी कोणाही जाणकारास उघडून वाचतां यावी, हा प्रसंग तोंपर्यंत विरळाच होता. या घटनेचें महत्त्व पुढें दिसून येईल.

याच सुमारास पहिली व्याधि उघडकीस आली. २००१ सालीं ब्रॅम कोहेन यांनीं बिटटोरेंट ही फाइली वांटून घेण्याची पद्धति प्रचारांत आणली. तींत एकच यंत्र एकाच वेळीं शेंकडों परक्या यंत्रांशीं बोलूं लागतें, आणि त्यांतील पुष्कळशीं निरोप न घेतांच निघून जातात. देवडीवरील कारभाऱ्यास हें कळावें कसें? निरोपाचें पत्र आलें नाहीं, तेव्हां संभाषण चालूच आहे असें तो समजतो आणि वहींतील ती ओळ तशीच ठेवतो. किती काळ? लिनक्समध्यें यासाठीं मुळांत नेमलेली मुदत ४,३२,००० सेकंदांची, म्हणजे पूर्ण पांच दिवसांची आहे. मोठ्या कचेरींतील यंत्रास ती शोभेल. घरगुती पेटीच्या वहीस मात्र ओळीच मोजक्या. त्या भरल्या म्हणजे "कोष्टक भरलें, पॅकेट टाकून दिलें" अशा अर्थाची नोंद राउटरच्या दप्तरांत होते, आणि घरांत चमत्कारिक स्थिति उत्पन्न होते: जें संभाषण आधींपासून चालू आहे तें सुरळीत चालतें, परंतु नवें पान म्हणून कांहीं उघडत नाहीं. येथें पाटीवर जागा शिल्लक असूनही यंत्र निकामी होतें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. उणीव जागेची नव्हती. मेलेली ओळ खोडण्याच्या नियमाची होती.

उपाय साधा होता. पोथी उघडी असल्यामुळें लोकांनीं ओळींची संख्या वाढविली आणि मुदत कमी केली. पुढें २००८ सालीं इंटरनेटच्या मानकांत असें ठरलें कीं, स्थापित झालेली टीसीपी जोडणी मुकी राहिली तरी निदान २ तास ४ मिनिटें ती विसरूं नये. ओपनडब्ल्यूआरटीनें मुदत नेमकी तेवढीच, ७,४४० सेकंदांची, ठेवली आहे. पांच दिवसांवरून दोन तासांवर येतांच तीच पेटी, त्याच पाटीवर, कितीतरी अधिक कुटुंबवत्सल झाली.

दुसरें प्रकरण २००५ सालचें. त्या वर्षीं 'डब्ल्यूआरटी-५४-जी'ची पांचवी आवृत्ति निघाली. बाहेरून रूप तेंच, नांव तेंच; परंतु आंत पोथी ४ ची २ मेगाबाइट झाली, पाटी १६ ची ८ झाली, आणि लिनक्सच्या जागीं व्हीएक्सवर्क्स ही आटोपशीर परंतु बंदिस्त ऑपरेटिंग सिस्टिम आली. खर्च वांचला, पण पेटी अडकून बसते, ती वारंवार बंद-चालू करावी लागते, अशा तक्रारी वापरणारांकडून येऊं लागल्या. ज्यांस जुनी रचना हवी होती त्यांच्यासाठीं कंपनीनें 'डब्ल्यूआरटी-५४-जीएल' या निराळ्या नांवानें ती पुन्हां विक्रीस ठेविली. यावरून कोणी म्हणेल कीं, पाहा, स्मृति अर्धी केली आणि यंत्र बिघडलें, दुकानदाराचेंच खरें. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. आठ मेगाबाइटांची पाटी खरोखरच तोकडी होती.

परंतु याच व्हीएक्सवर्क्सची दुसरी एक कथा या आक्षेपास परस्पर उत्तर देते. अमेरिकेच्या नासा संस्थेचें 'स्पिरिट' हें फिरतें यान ४ जानेवारी २००४ रोजीं मंगळावर उतरलें. त्यावर हीच ऑपरेटिंग सिस्टिम होती. पाटी १२८ मेगाबाइटांची, पोथी २५६ मेगाबाइटांची, म्हणजे आपल्या त्या गरीब पेटीच्या पाटीहून सोळापट मोठी पाटी. तरीही २१ जानेवारीस यानाचा संवाद तुटला. तें आपोआप बंद पडे, पुन्हां चालू होई, पुन्हां बंद पडे. असें साठाहून अधिक वेळां झालें. कारण असें निघालें कीं, प्रवासांतील महिन्यांपासून साठत आलेल्या फाइली पुसल्याच गेल्या नव्हत्या, आणि त्यांची यादी ठेवण्यासाठीं लागणारी जागा पाटीवर उरली नव्हती. येथें बटणाचा विधिही फसला; कारण यान जागें होतांच तीच यादी पाटीवर पुन्हां मांडूं लागे. अभियंत्यांनीं पृथ्वीवरून आज्ञा देऊन यानास पोथी न उघडतां जागें केलें, नको त्या फाइली पुसल्या, आणि फेब्रुवारींत तें पूर्ववत् कामास लागलें. कोट्यवधि मैलांवरील यंत्र बरें झालें, याचें कारण त्याच्या आंत काय लिहिलें आहे हें त्याच्या धन्यास ठाऊक होतें. माझ्या भिंतीवरील पेटी हातभर अंतरावर होती. पण तिच्याविषयीं मला तेवढेंही ज्ञान नव्हतें.

आतां या व्याधीची उलट बाजू पाहूं. स्मृति कमी पडल्यानें यंत्र अडतें हें कोणासही पटेल. ती अधिक झाल्यानेंही यंत्र अडतें, हें मात्र चटकन् पटत नाहीं. जॉन नॅगल यांनीं डिसेंबर १९८५ मध्यें एक छोटें टिपण लिहून असें दाखविलें कीं, एखाद्या राउटरला अमर्याद साठा दिला, तरी गर्दीच्या वेळीं तो पॅकेटें गमावणारच. कारण रांग वाढत जाते, प्रत्येक पॅकेटास ठराविक आयुष्य असतें, आणि रांगेच्या तोंडाशीं येईपर्यंत तें संपून गेलेलें असतें. पुढल्याच वर्षीं, ऑक्टोबर १९८६ मध्यें, गर्दीचा प्रत्यक्ष अनुभव आला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांत अंतर अवघें ४०० यार्डांचें. परंतु त्यांमधील दळणवळणाचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनीं मायकेल कॅरल्स यांच्या साहाय्यानें त्यावर उपाय शोधिला, आणि १९८८ सालीं तो प्रसिद्ध केला. त्याचें सार असें: पॅकेट हरवलें कीं पाठविणाऱ्यानें समजावें, पुढें गर्दी आहे, आणि आपला वेग आवरावा. म्हणजे हरवलेलें पॅकेट ही नुसती हानि नव्हे, तो एक निरोप आहे.

पुढील वीस वर्षांत मेमरी स्वस्त झाली, आणि यंत्रें करणाऱ्यांस हा निरोप ऐकूं येईनासा झाला. पॅकेट टाकून देणें म्हणजे पाप, अशा समजुतीनें त्यांनीं पेट्यांत मोठमोठे बफर भरले. १९८८ च्या उपायाचा आधारच त्यामुळें निघून गेला. पॅकेट हरवत नाहीं, म्हणून पाठविणारा थांबत नाहीं, म्हणून रांग वाढतच राहते. २०१० सालीं जिम गेटिस यांस आपल्या घरांतच हें आढळलें. मोठी फाइल पाठवीत असतां इतर सर्व व्यवहारांस एक सेकंदाहून अधिक विलंब होत होता. या विकारास त्यांनीं 'बफरब्लोट', म्हणजे बफरची सूज, असें नांव दिलें. घरांतील माणसास ही सूज दिसत नाहीं, मुलाचा ऑनलाइन वर्ग तुटतो, दूरच्या मुलीशीं बोलतांना शब्द गळतात, आणि तो म्हणतो, "नेट गेलें."

२०१२ च्या मे महिन्यांत कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनीं 'कोडेल' ही पद्धति प्रसिद्ध केली. रांगेंत किती पॅकेटें आहेत हें मोजूं नका, तर प्रत्येकास किती वेळ थांबावें लागलें हें मोजा, हें तिचें मर्म. हा विलंब १०० मिलिसेकंदांच्या अवधींत एकदांही ५ मिलिसेकंदांखालीं उतरला नाहीं, तर पॅकेट टाकून देण्यास आरंभ करावा. एरिक ड्युमाझे यांनीं तिला प्रत्येक संभाषणाची निराळी रांग करण्याची जोड दिली, आणि त्याच वर्षीं ती लिनक्समध्यें समाविष्ट झाली. घरगुती पेट्यांवर तिचे प्रयोग करण्यांत डेव्ह टाट यांचा पुढाकार होता. एप्रिल २०२५ मध्यें ते निवर्तले. त्यांचें नांव सामान्य वाचकास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं आज फाइल चढत असतांही संभाषण तुटत नाहीं, अशा असंख्य लोकांवर त्यांचें ऋण आहे.

या औषधाचीही एक गंमत झाली. त्याच्या मूळ मात्रेंत रांगेची कमाल मर्यादा १०,२४० पॅकेटांची होती. पूर्ण आकाराचें पॅकेट सुमारें १,५०० बाइटांचें. म्हणजे गर्दी झाली तर पंधरा मेगाबाइट, आणि त्यांच्या व्यवस्थेचा खर्च निराळाच. ज्या पेटीची पाटी अवघी ३२ मेगाबाइटांची, तिला ही मात्रा जीवघेणी ठरावी. पाटी भरली म्हणजे लिनक्स एखादें काम बळेंच ठार करून जागा मोकळी करतें; तेंही न साधलें तर यंत्र कोलमडतें. म्हणून २०१६ सालीं पॅकेटांच्या संख्येबरोबरच मेमरीची मर्यादाही घालण्याची सोय झाली. लिनक्सनें ती सामान्यतः ३२ मेगाबाइट ठेविली, तर ओपनडब्ल्यूआरटीनें लहान पेट्यांचा विचार करून अवघी ४ मेगाबाइट केली. व्याधीचें निदान अचूक असूनही मात्रा रोग्याच्या प्रकृतीस पाहूनच द्यावी लागते, हा वैद्यकांतील धडा येथेंही खरा ठरला.

दुकानदारावर अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आज्ञावल्या वर्षानुवर्षें फुगत जातात आणि कांहीं पेट्या खरोखरच अपुऱ्या पडतात. ४ मेगाबाइटांची पोथी व ३२ मेगाबाइटांची पाटी असलेल्या पेट्यांस ओपनडब्ल्यूआरटीनेंही २०२२ नंतर आधार देणें थांबविलें. परंतु ज्यांची पोथी उघडी होती, त्या पेट्यांचा असा निरोप वर्षें आधीं सांगून, कारण देऊन झाला. बंदिस्त पेटीचा धनी मात्र आपली पेटी खरोखर म्हातारी झाली, कीं तिच्या वहींतील एक मुदत तेवढी चुकली आहे, हें कधींच जाणूं शकत नाहीं. त्याच्या हातीं बटण आणि पैशाचें पाकीट हींच दोन साधनें उरतात.

माझ्या घरचें सांगून हा लेख पुरा करतों. माझा एक जुना विद्यार्थी दिवाळींत भेटावयास आला असतां मीं त्यास ही कहाणी सांगितली. त्यानें माळ्यावर टाकलेला जुना, ६४ मेगाबाइटांचा राउटर खालीं काढविला, त्यांत खुली आज्ञावली घातली, आणि मला त्याची नोंदवही दाखविली. माझ्या घरांतून कोण कोणाशीं बोलतें, कोणती ओळ किती वेळ राहते, पाटीवर किती जागा उरली, हें सर्व मीं प्रथमच पाहिलें. नव्या पेटींत तसें कांहीं करतां येत नाहीं, असें तो म्हणाला; तिचा निर्माता तें दार उघडत नाहीं. आतां दुप्पट मेमरीची ती नवी पेटी माळ्यावर आहे आणि अर्ध्या मेमरीची जुनी भिंतीवर. गेल्या वर्षभरांत ती सायंकाळची हांक दोनतीनदांच काय ती ऐकूं आली.

तात्पर्य, यंत्राचें स्थैर्य त्यास किती आठवतें यावर जितकें अवलंबून आहे, त्याहून अधिक तें काय व केव्हां विसरतें यावर अवलंबून आहे. आणि विसरण्याचा हा नियम ज्याच्या घरांत यंत्र आहे त्यास वाचतां आला, तरच तो सुधारतां येतो. पुढच्या वेळीं पेटी विकत घेतांना वाचकांनीं दुकानदारास मेमरी किती हें अवश्य विचारावें; परंतु त्याबरोबर, हिची पोथी उघडतां येते काय, हाही एक प्रश्न विचारावा.